गोव्याच्या कातळातल्या घड्या, भेगा आणि विभंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच कातळावर चार तऱ्हेच्या रेघा असू शकतात. कुठली रेघ कशाची, हे न ठरवता मोजमाप घेतलं की पुढचं सगळं चुकत जातं. विद्यार्थी, घर बांधणारे, विहीर खणणारे आणि निव्वळ कुतूहलाने किनाऱ्यावर खडक न्याहाळणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून याच मुद्द्यापाशी येतात.

घाटाच्या माथ्याकडे थर आडवे दिसतात, किनाऱ्यावर मात्र उभे. असं का?

कारण ते दोन अगदी वेगळ्या काळांतले खडक आहेत. ईशान्येला, सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाला सह्याद्रीत दख्खनचा बेसाल्ट आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यानंतर या भागावर बाजूने चेपणारा मोठा दाब आला नाही, म्हणून त्याचे थर आजही जवळजवळ आडवेच आहेत.

बाकीच्या बहुतेक गोव्यात 'गोवा समूहा'चे खडक आहेत. खालून वर त्याचे चार भाग मानले जातात: बार्से, सावर्डे, डिचोली आणि वागेरी. बार्सेत मुख्यतः रूपांतरित लाव्हा, सावर्ड्यात ग्रेवॅके नावाचा मळकट वालुकाश्म, त्याच्या जोडीचा पाटीसारखा अर्जिलाइट आणि थोडा पिंडाश्म, म्हणजे गोटे एकत्र चिकटून झालेला खडक. डिचोलीत लोहखनिजाचे पट्टे, पातळ पदरांचा गुलाबी फिलाइट खडक आणि चुनखडक. वागेरीत पुन्हा ग्रेवॅके आणि लाव्हा. हे सगळं दीडशे-दोनशे कोटी नव्हे, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुनं आहे. पायाला अनमोड घाटाकडचा पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, आहे, त्याचं वय सुमारे ३४० कोटी वर्षं काढलं गेलं आहे. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराचा ग्रॅनाइट सुमारे २६५ कोटी वर्षांचा आहे.

गोवा समूहाच्या खडकांना एकापेक्षा जास्त वेळा घड्या पडल्या, ते वर आले, झिजले, आणि मग त्या झिजलेल्या पृष्ठभागावर लाव्हा पसरला. म्हणजे उभ्या थरांवर आडवा थर ज्या रेघेने टेकतो, त्या एका रेघेत दोनशे कोटी वर्षांहून मोठा काळ गायब आहे. भूविज्ञानात अशा रेघेला विसंगती म्हणतात.

दगड फुटतो हे समजतं. पण तो वाकतो कसा?

तापमान, चहूबाजूंचा दाब, पाणी आणि वेळ, या चार गोष्टींमुळे. गुळाची गार ढेप ठोकली तर फुटते, तोच गूळ ऊन झाला की ओढला जातो. खडकातल्या गारगोटीचं, म्हणजे क्वार्ट्‌झचं, असं रूपांतर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे होतं. फेल्डस्पारला त्याहून जास्त, साधारण ४५० अंश लागतात. गोवा समूहाचे खडक ज्या प्रतीचे रूपांतरित आहेत, तिला ३०० ते ४५० अंश तापमान पुरतं. खोलीच्या भाषेत बोलायचं तर दहा-पंधरा किलोमीटर खाली.

वेळेचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. कवच चेपलं जाण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला लांबीच्या शंभर लाख कोटींव्या भागाइतका असतो. या वेगाने एक टक्का आखूड व्हायला सुमारे ३२ हजार वर्षं लागतात आणि निम्मं व्हायला सोळा लाख वर्षं. इतक्या सावकाश दाबलं तर खडकातल्या प्रत्येक कणाला सरकायला, विरघळायला आणि पलीकडे पुन्हा जमायला सवड मिळते. प्रयोगशाळेत तोच तुकडा काही मिनिटांत दाबला की तो फुटतो.

घडी, सांधा आणि विभंग यांत नेमका फरक काय?

थर तुटला नाही, वाकला, तर ती घडी. कमानीसारखी वर उचललेली ती अपनती, खोलगट ती अभिनती. तुटला, पण दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या तर तो सांधा. तुटला आणि एक बाजू दुसरीवरून सरकली तर तो विभंग. शाळेच्या पुस्तकात यालाच प्रस्तरभंग म्हणतात.

प्रत्येक सरळ भेगेला विभंग म्हणण्याची चूक फार होते. विभंग म्हणायला पुरावा हवा: भेगेच्या अलीकडचा पट्टा पलीकडे जुळत नाही, भेगेच्या पृष्ठावर घासल्याच्या गुळगुळीत रेषा आहेत, किंवा भेगेत भरडलेला चुरा वा चिकणमाती आहे. यातलं एकही नसेल तर वहीत 'सांधा' लिहावं. पट्टा किती सरकला तेही तिथेच मोजून टाकावं, दोन सेंटिमीटर असलं तरी.

गोव्यात सांधे सहसा घड्यांना आरपार छेदून जातात, घडीबरोबर वळत नाहीत. यावरून क्रम कळतो. घड्या खोलवर, ऊन असताना पडल्या. सांधे नंतर, खडक वर येऊन गार झाल्यावर आणि वरचं ओझं कमी झाल्यावर.

कातळावर रेघाच रेघा दिसतात. थराची कुठली आणि क्लिव्हेजची कुठली?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

दोना पावलाच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला ग्रेवॅके आणि अर्जिलाइट आलटून पालटून दिसतात. करडा-हिरवट, कणीदार पट्टा, त्याला लागून काळपट, पाटीसारखा पट्टा, पुन्हा कणीदार. जिथे कण आणि रंग बदलतो, ती थराची रेघ. हे पट्टे समुद्राच्या तळाशी गढूळ पाण्याचे लोट एकामागून एक बसले त्यातून झाले आहेत. प्रत्येक लोटाचा जाड कण आधी खाली बसला, बारीक गाळ शेवटी.

आता अंगठा पट्ट्यावरून आडवा फिरवा. एका कडेला वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागतं, सरकत गेलात की मऊ होत जातं, आणि मग एकदम पुन्हा खरखरीत. जिथे 'एकदम' लागलं, तो पुढच्या थराचा तळ. म्हणजे थर आज उभा असला तरी त्याचा मूळ माथा कुठल्या दिशेला होता ते अंगठ्याने कळतं. एका पट्ट्यावर विसंबू नका. निदान पाच पट्टे बघा, कारण मधला एखादा थर झिजून गेलेला असतो आणि फसवतो.

क्लिव्हेज म्हणजे दाबाला काटकोनात अभ्रकासारखे चपटे कण रांगेने बसल्यामुळे तयार झालेली फुटण्याची दिशा. तिच्या रेघेवर रंग बदलत नाही, कण बदलत नाही. अर्जिलाइटमध्ये ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर असते, ग्रेवॅकेमध्ये विरळ, कधी सेंटिमीटरभर अंतरावर. आणि हमखास खूण: अर्जिलाइटमधून ग्रेवॅकेमध्ये शिरताना तिची दिशा वळते, पाण्यात घातलेली काठी मोडल्यासारखी दिसते तशी. थराची रेघ असं वळण घेत नाही.

दोन्ही सापडल्या की त्यांची तुलना करा. दोन्ही एकाच बाजूला झुकलेल्या असून क्लिव्हेज थरापेक्षा उभी असेल तर थर सुलटा. थर क्लिव्हेजपेक्षा उभा असेल तर तो उलथलेला. दोन्ही पृष्ठं एकमेकांना छेदतात ती रेषा घडीच्या आसाला समांतर असते, त्यामुळे घडी डोळ्यांना दिसत नसली तरी तिचा आस मोजता येतो.

मात्र हा नियम क्लिव्हेज त्याच घडीबरोबर तयार झाली असेल तरच लागू पडतो. गोव्यात घड्यांवर घड्या आहेत. मुख्य कल वायव्य-आग्नेय, आणि त्याला आडव्या जाणाऱ्या घड्याही आहेत. क्लिव्हेज स्वतःच बारीक सुरकुतलेली दिसली तर ती आधीच्या दाबाची आहे आणि सुरकुत्या नंतरच्या. अशा ठिकाणी अंगठ्याची परीक्षा क्लिव्हेजच्या नियमापेक्षा जास्त भरवशाची.

पांढऱ्या गारगोटीच्या शिरा ही तिसरी रेघ. त्या भेगेत भरलेल्या असतात. त्यांना थर समजू नका, त्या थराला समांतर धावत असल्या तरीही.

स्ट्राइक आणि डिप कसे मोजायचे?

थराच्या पृष्ठावर ओंजळभर पाणी सोडा. पाणी ज्या दिशेला ओघळतं, ती डिपची दिशा. त्याला काटकोनात जाणारी आडवी रेषा म्हणजे स्ट्राइक.

क्लिनोमीटर कंपासची, म्हणजे उतारही मोजणाऱ्या होकायंत्राची, लांब कड पृष्ठावर टेकवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत फिरवा. त्या कडेने खडूची रेघ ओढा आणि दिशा वाचा. मग कंपास उभा धरून खडूच्या रेघेला काटकोनात ठेवा आणि उतार वाचा. वहीत आधी डिपचा कोन आणि दिशा लिहिणं सोयीचं, जसं '६०, ईशान्य ०४५'. स्ट्राइक लिहायचीच झाली तर डिप उजव्या हाताला येईल अशा दिशेची लिहा. म्हणजे वर दिलेल्या थरासाठी ३१५, १३५ नव्हे. एकाच वहीत दोन पद्धती मिसळल्या की नकाशा काढताना अर्ध्या घड्या उलट्या होतात.

पृष्ठ खडबडीत असेल तर वहीचा पुठ्ठा त्यावर टेकवून त्याची सरासरी घ्या. एका कातळावर एकच मोजमाप कधी नको, तीन तरी घ्या. त्यांत पाच अंशांपेक्षा जास्त फरक आला तर तुम्ही वेगवेगळी पृष्ठं मोजता आहात.

चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक गोव्यात एक अंशाच्या आसपास आहे. हाताने घेतलेल्या मोजमापात दोन अंशांची चूक तशीही होते, त्यामुळे सुरुवातीला तो सोडून दिला तरी चालतं.

डिचोली-सांगे भागात कंपास दर पावलाला वेगळं दाखवतो. बिघडला आहे का?

बहुधा नाही. लोहपट्टित खडकात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय लोहखनिज असतं आणि ते सुई ओढतं. खात्री करायची तर वीस-तीस मीटरवरच्या झाडाकडे इथून दिशा घ्या, मग झाडापाशी जाऊन इकडची घ्या. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. आला नाही तर खडकाला कंपास टेकवू नका. दोन-तीन मीटर मागे सरून स्ट्राइकच्या रेघेत उभे राहा आणि नजरेने दिशा घ्या. तरीही जमलं नाही तर सूर्याच्या किंवा उपग्रहाच्या आधाराने दूरच्या दोन खुणांमधली रेषा पक्की करा आणि कोन तिच्यापासून मोजा.

फोनवरचं अॅप वापरायला हरकत नाही, पण चुंबकाच्या झाकणाचं कव्हर काढा आणि सकाळी एकदा साध्या कंपासशी ताडून बघा.

रस्त्याच्या कापणीत थर ४० अंश दिसतो, वरच्या कातळावर ६०. खरं कुठलं?

दोन्ही खरी, पण डिप ६० आहे. कापणी स्ट्राइकला काटकोनात नसेल तर थर नेहमी खऱ्यापेक्षा आडवा दिसतो. कापणी आणि स्ट्राइक यांच्यात ३० अंशांचा कोन असेल तर ६० अंशांचा थर तिथे ४१ अंश दिसेल. हिशेब असा: खऱ्या डिपचा टॅन्जंट गुणिले त्या कोनाचा साइन. म्हणजे १.७३२ गुणिले ०.५, उत्तर ०.८६६.

जाडीचीही तीच गोष्ट. सपाट जमिनीवर पट्टा ४० मीटर रुंद दिसला आणि डिप ६० असली तर थराची खरी जाडी ३४.६ मीटर. रुंदी तशीच जाडी म्हणून धरली की खनिजाचा अंदाज फुगतो.

जांभ्यात घड्या का दिसत नाहीत?

जांभा थरांनी बनलेला नाही. मूळ खडक जागच्या जागी कुजून, सिलिका धुपून आणि लोह-अॅल्युमिनियम मागे राहून तो झाला आहे. चिरेखाणीतल्या आडव्या-उभ्या रेघा यंत्राच्या पात्याच्या असतात आणि पठाराच्या कडेच्या भेगा खाली बसलेल्या मातीमुळे पडतात. त्यांवरून डिप काढू नये. जांभ्याखालच्या पांढऱ्या-गुलाबी चिकणमातीत मात्र जुन्या खडकाचे पातळ पदर कधी कधी जसेच्या तसे दिसतात. ते मोजता येतात.

उतारावरच्या कुजक्या फिलाइटमध्ये एक फसगत हमखास होते. वरचा मीटर-दोन मीटरचा भाग स्वतःच्या वजनाने उताराकडे हळूहळू कलतो आणि थरांची टोकं वाकतात. ती घडी नव्हे. कापणीच्या तळाशी, ताज्या खडकात मोजा.

लोहखनिज ठरावीक पट्ट्यांतच का सापडतं?

लोहपट्टित खडक डिचोलीपासून आग्नेयेला घड्यांच्या कलाने पसरला आहे. पण नुसता पट्टा पुरत नाही. जिथे तो अभिनतीच्या खोलगट भागात अडकला, तिथे झिजेपासून वाचला, आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका वाहून नेऊन लोहाचं प्रमाण वाढवलं. म्हणूनच साठे रांगेने, लांबट होड्यांच्या आकारात दिसतात. आडव्या घड्यांमुळे त्या होड्यांची दोन्ही टोकं वर उचलली जातात आणि साठा मध्येच संपतो. 'पट्टा पुढे गेला कुठे?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

टेकडी कापून घर बांधायचं आहे. कुठला थर धोक्याचा?

तुमच्या कापणीकडे झुकलेला. घसरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: थराची स्ट्राइक कापणीच्या दिशेशी २० अंशांच्या आत असणं, थराचा उतार कापणीपेक्षा कमी असणं म्हणजे त्याचं तोंड कापणीत उघडं पडणं, आणि तो उतार घर्षणाच्या कोनापेक्षा, म्हणजे ज्या उतारापर्यंत थर थरावरून घसरत नाही त्यापेक्षा, जास्त असणं. स्वच्छ, खडबडीत ग्रेवॅकेसाठी घर्षणाचा कोन ३० अंशांच्या वर धरता येतो. पदरांमध्ये चिकणमातीचा पापुद्रा असलेल्या फिलाइटमध्ये तो २०-२५ पर्यंत उतरतो. म्हणून मे महिन्यात भक्कम उभी राहिलेली कापणी जुलैत खाली येते. पाण्याने पापुद्रा भिजतो, आणि मागच्या सांध्यांत साठलेलं पाणी वरून ढकलतं.

थर डोंगराच्या आत आणि खूप उभा झुकलेला असेल तर तो घसरत नाही, पुस्तकांसारखा बाहेर कलंडतो. त्याची खूण म्हणजे कापणीच्या माथ्यामागे, कडेला समांतर पडलेली भेग.

संरक्षक भिंत घालताना ७५ ते १०० मिलिमीटरचे निचऱ्याचे पाइप दीड-दोन मीटरवर हवेतच, आणि त्यांच्या मागे खडीचा थर हवा. तो नसला तर पहिल्या पावसातच माती तोंडं बुजवते. पाइप नसलेली भिंत म्हणजे मातीचा दाब अधिक पाण्याचा दाब, आणि बहुतेक भिंती दुसऱ्यामुळे पडतात. थर मोजायला भूवैज्ञानिकाचे दोन तास लागतात. कापणी सुरू होण्याआधी बोलवा, नंतर नाही.

गोव्यात भूकंपाची भीती आहे का?

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोक्यात. त्यासाठी तिथे विभाग गुणांक, म्हणजे आराखड्यात धरायचा धक्क्याच्या जोराचा अंक, ०.१६ आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पणजीपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरचा. खडकात दिसणारे बहुतेक विभंग कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबलेले आहेत. आवारात विभंग दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यातला भरडलेला चुरा पायाखाली आला तर तो काढून काँक्रीट भरणं, ही खरी काळजी.

सह्याद्रीचा कडा म्हणजे एक मोठा विभंगच ना?

असा समज सर्रास आहे, पण कडा जिथे दिसतो तिथे विभंग नाही. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आणि सेशेल्स सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून सुटले, तेव्हा कवच ताणलं गेलं आणि खचलं ते किनाऱ्याकडे आणि समुद्राखाली. कडा तिथून झिजत झिजत पूर्वेला मागे सरला आहे. गोव्यात डोलेराइटच्या काही भित्ती, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, सुमारे ६.२८ कोटी वर्षांच्या निघाल्या आहेत, म्हणजे सेशेल्स सुटतानाच्या. जुन्या थरांना आरपार कापून जाणारा काळा, टणक, बारीक कणांचा पट्टा दिसला आणि त्याच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा आणखी बारीक कणांच्या असल्या, तर ती भित्ती. कडा गार खडकाला टेकून लवकर थिजल्या, म्हणून बारीक.

बोअरवेल भेगेवर घ्यायची म्हणतात. म्हणजे बरोबर भेगेवरच?

नाही. ही चूक महागात पडते. जमिनीवर दिसणारी भेग ८० अंश झुकलेली असेल आणि बोअर तिच्या रेघेवरच घेतली, तर पहिल्या काही मीटरांतच बोअर भेगेतून बाहेर पडते आणि खाली कोरडा खडक लागतो. भेग ज्या बाजूला झुकते त्या बाजूला दहा मीटर सरून बोअर घेतली तर ती सुमारे ५७ मीटरवर भेगेला गाठते. सरकायचं अंतर गुणिले डिपचा टॅन्जंट, इतकाच हिशेब. विरुद्ध बाजूला सरलात तर भेग कधीच लागणार नाही.

ताणाने उघडलेले सांधे पाणी देतात. विभंगात चिकणमाती भरली असेल तर तो पाणी अडवतो. डोलेराइटची भित्तीही बांधासारखी पाणी अडवते, तेव्हा बोअर तिच्या वरच्या, डोंगराकडच्या अंगाला घ्यावी. कठीण खडकात पहिल्या शंभर मीटरांत काही लागलं नाही तर पुढे भेगा मिटत जातात आणि किनाऱ्यालगत खोल गेल्यास खारं पाणी ओढलं जातं. गोवा भूजल नियमन कायदा, २००२ नुसार परवानगी आधी घ्यावी लागते. जांभ्याच्या पठाराच्या पायथ्याशी झर असेल तर बोअरपेक्षा उथळ विहीर बरी. पाणी जांभ्यातून उतरून खालच्या चिकणमातीवर अडतं आणि तिथेच बाहेर येतं.

बघायला कधी जावं, सोबत काय न्यावं?

नोव्हेंबर ते मे, ओहोटीच्या तासभर आधी. भरती-ओहोटीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे परतीची वाट आधी बघून ठेवा. पावसाळ्यानंतर कातळावर शेवाळ असतं. कंपास, दहापट भिंग, खडू, पाण्याची बाटली आणि वही पुरते. किनाऱ्यावरच्या घडीला हातोडा लावू नका. फोटोत प्रमाणासाठी नाणं किंवा पेन ठेवा आणि उत्तर दिशा कुठे आहे ते खडूने दाखवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर नकाशे मोफत मिळतात. जायच्या आदल्या रात्री ते उघडून आपण कुठल्या भागात जातो आहोत, बार्से की सावर्डे, एवढं वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.